लहानपणीचं दुःख तोंडाने सांगता येत नाही? चिंध्या, जुने फोटो आणि डिंक कामाला येतात

घरात कर्ता माणूस अचानक गेला, रोजच्या दारूपायी मारहाण झाली किंवा लेकराच्या अंगावर कुणी वाईट हात टाकला, की मोठी माणसं पुढच्या कामाला लागतात. कागदपत्रं, दवाखाना, पाहुणेरावळे. लेकराला एवढंच सांगितलं जातं, "झालं गेलं विसर." लेकरू गप्प बसतं, पण विसरत नाही. ते मोठं होतं, त्याचं लग्न होतं, पोरंबाळं होतात. तरी रात्री दाराची कडी जोरात वाजली की छातीत धस्स होतं. असं का होतं, हे त्यालाही सांगता येत नाही.

याचं एक कारण आहे. भीतीच्या वेळची आठवण गोष्टीसारखी सलग राहत नाही, तिचे तुकडे राहतात. एखादा वास, भिंतीचा रंग, चपलांचा आवाज, आईच्या लुगड्याचा काठ. म्हणून "नेमकं काय झालं ते नीट सांग" म्हटलं की माणूस अडखळतो. अशा वेळी तुकड्यांनाच हात घालणारी एक पद्धत जगभर वापरली जाते. तिला मिक्स मीडिया, म्हणजे मिश्र माध्यमातली कला म्हणतात. नाव मोठं आहे, पण काम साधं आहे. कापड, फोटो, कागद, माती, दोरा, रंग असं जे हाताला येईल ते एकत्र चिकटवायचं, शिवायचं, फाडायचं, पुन्हा जोडायचं. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणाऱ्या आपल्याकडच्या बायांना हे नवीन वाटायला नको.

लुईझ बुर्जवा या शिल्पकार बाईचं उदाहरण यात फार बोलकं आहे. तिचा जन्म 1911 साली पॅरिसचा. घरचा धंदा जुने विणलेले पडदे दुरुस्त करून विकण्याचा. भिंतीवर लावायच्या या जाड पडद्यांवर माणसं, झाडं, जनावरं विणलेली असत. खालची बाजू झिजलेली असायची, त्यामुळे चित्रातल्या माणसांचे पाय गेलेले असत. आई ते पुन्हा विणून घ्यायची आणि शाळकरी लुईझ आधी ते पाय काढून द्यायची.

घर खाऊनपिऊन सुखी, पण आत वेगळंच चाललेलं. पोरांना इंग्रजी शिकवायला घरात ठेवलेल्या बाईशी वडिलांचे संबंध होते आणि ते वर्षानुवर्षं एकाच छताखाली चालू राहिले. आईला माहीत होतं, पोरांनाही कळत होतं, पण बोलायचं कुणी नाही. 1932 साली आई गेली. लुईझने पुढे लग्न केलं आणि 1938 साली ती न्यूयॉर्कला गेली. ही गोष्ट तिने जाहीरपणे मांडली ती 1982 साली, वयाच्या सत्तरीत. तोवर बोलत होते ते तिचे हात.

तिने जुनी दारं, जाळ्या, खुर्च्या, आरसे आणि स्वतःचे जुने कपडे वापरून खोल्यांसारख्या रचना केल्या. बघणाऱ्याला फटीतून आत डोकवावं लागतं, चोरून ऐकणाऱ्या पोरासारखं. 1999 साली तिने नऊ मीटरहून उंच पोलादी कोळी उभा केला आणि त्याला नाव दिलं ‘ममाँ’, म्हणजे आई. कोळी बघून आपण झाडू शोधतो. तिला मात्र त्यात फाटलेलं पुन्हा विणणारी आई दिसायची. नव्वदी ओलांडल्यावर, 2002 साली, तिने रुखवतातली साठ वर्षं जपलेली कापडं कापली, त्यावर जुन्या कपड्यांचे तुकडे शिवले आणि कापडाचंच एक पुस्तक केलं. 2010 साली, 98 व्या वर्षी ती वारली.

एक गोष्ट मात्र लोक सांगायची सोडून देतात. वडील गेल्यानंतर तिने मनाच्या डॉक्टरकडे उपचार सुरू केले आणि ते अनेक वर्षं घेतले. म्हणजे कला आणि इलाज दोन्ही बरोबर चालले. नुसतं चित्र काढून सगळं बरं होतं असं कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नये.

लहान मुलांच्या बाबतीत याहून जुना दाखला आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी झेक मुलखातल्या तेरेझीन गावात ज्यू लोकांना कोंडलं होतं. तिथे फ्रीडल डिकर-ब्रांडाइस ही चित्रकार मुलांना शिकवायची. कागद मिळत नव्हता. मग कचेरीतले वापरलेले फॉर्म आणि रद्दी फाडून, चिकटवून चित्रं व्हायची. चित्रावर स्वतःचं नाव घालायला ती मुलांना सांगायची, कारण छावणीत माणसाचा नुसता नंबर झाला होता. 1944 साली तिला ऑशविट्झला नेऊन मारलं. तिथली बहुतेक मुलंही वाचली नाहीत. पण सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसांत लपवलेली सापडली, ती आज प्राग शहरात जपलेली आहेत. एडिथ क्रेमर ही तिची विद्यार्थिनी पुढे अमेरिकेत गेली आणि कलेतून उपचार करण्याची पद्धत उभी करणाऱ्यांत तिचं नाव घेतलं जातं.

घरी करायचं तर सामान विकत आणायची गरज नाही. जुनी साडी, लग्नपत्रिका, कालनिर्णयची पानं, खताची रिकामी गोणी, शेतातली माती, डिंक पुरे. जुना फोटो वापरायचा असेल तर त्याची झेरॉक्स काढावी, अस्सल फोटो फाडू नये, नंतर हळहळ लागते. सगळ्यात मोठी जखम पहिल्याच दिवशी उघडू नये. आवडीच्या आठवणीपासून, आजीच्या चुलीपासून, बैलाच्या घुंगरापासून सुरुवात केलेली बरी. काम चालू असताना श्वास लागला, घाम फुटला, हात थरथरले तर तिथेच थांबावं, पाणी प्यावं, अंगणात चक्कर मारावी. चित्र चांगलं दिसायलाच पाहिजे असं नाही. फाडून टाकलं तरी चालतं.

लेकरू असं काही करत असेल तर मोठ्यांनी "हे काय काढलंस? असं का काढलंस?" म्हणून फैलावर घेऊ नये. "सांगावंसं वाटलं तर सांग, मी ऐकतोय" एवढं म्हणावं आणि खरंच ऐकावं. त्याच्या चित्राचा अर्थ आपल्या मनाने लावू नये. काळा रंग वापरला म्हणजे पोरगं बिघडलं असं नसतं, कधी डब्यात तेवढाच खडू उरलेला असतो. स्पर्धा, बक्षीस यात नको. आणि ते चित्र व्हॉट्सॲपच्या स्टेटसला तर अजिबात टाकू नये, लेकराचा विश्वास एकदा गेला की परत मिळत नाही.

मुलाने आपल्यावर अत्याचार झाल्याचं सांगितलं तर मात्र चित्रावर थांबू नये. 1098 या चाइल्डलाइन नंबरवर फोन करावा आणि पोलिसांत कळवावं. असा गुन्हा माहीत असून दडवणं हाही 2012 च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, मग करणारा भावकीतला का असेना.

मोठ्या माणसांना झोप येत नसेल, जुनं सारखं डोळ्यांपुढे येत असेल किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर 14416 या टेलिमानस नंबरवर दिवसरात्र केव्हाही फुकट बोलता येतं, मराठीतही. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागाची ओपीडी असते. तिथे जाताना केलेलं काम पिशवीत घालून नेलं तरी चालतं. तोंडाने सुरुवात जमत नसेल तर डॉक्टरपुढे तेच ठेवावं.