रात्र कुणाच्या घरी काढणार?

दिवाळीच्या सुट्टीचा ग्रुप एव्हाना तयार झाला असेल. नाव 'हिमाचल पक्कं' किंवा असंच काहीतरी. मेंबर अकरा, त्यातले खरंच जाणारे सहा. पहिल्या दिवशी मनाली आणि कसोलची नावं येतात. दुसऱ्या दिवशी कुणीतरी नदीकाठच्या तंबूंची रील टाकतं. तिसऱ्या दिवशी 'चार रात्री, पाच दिवस'वाल्या पॅकेजची पीडीएफ येते आणि सगळे अंगठे वर करून मोकळे होतात. एक प्रश्न मात्र राहूनच जातो. तिथे जाऊन आपल्याला नेमकं करायचंय काय?

या वेळी तो प्रश्न आधी विचारून बघा. आणि मनालीच्या बसमध्ये बसून मनालीला जाऊच नका. बरंच अलीकडे औट नावाचं गाव लागतं, तिथे उतरा. दिल्लीहून किंवा चंदीगडहून रात्री निघालेली बस पहाटे तिथे पोचते. थंडीत कुडकुडत एक चहा मारायचा आणि बंजारकडे जाणारी लोकल बस पकडायची. बंजारच्या पुढे साधारण दहा किलोमीटरवर गुशैणी, तीर्थन नदीच्या काठचं गाव. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कचा एक रस्ता इथून आत जातो.

हे ताडोबा नाही

नॅशनल पार्क म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जिप्सी येते. इथे जिप्सी नाही, कारण आत गाडीरस्ताच नाही. जे काही पाहायचं ते पायांनी. वर हिमबिबट्या आहे, तपकिरी अस्वल आहे. पण चार दिवसांत ते दिसतील अशी आशा ठेवू नका. मोनाल दिसू शकतो. हिमाचलचा राज्यपक्षी जुजुराणा इथलाच, पण तो भलताच लाजाळू. त्याचे नर ओरडतात ते वसंतात, त्यामुळे त्याच्यासाठी यायचं तर एप्रिल-मे गाठा. दिवाळीत आकाश स्वच्छ असतं, वाटा कोरड्या असतात आणि चालायला हवा झकास असते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र इकडे फिरकू नका.

जून 2014 मध्ये युनेस्कोनं या उद्यानाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. आपल्या चांदोली, कोयना, कास आणि राधानगरीला तो 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर मिळाला होता, म्हणजे नातं तसं जवळचं. चांदोलीशी आणखी एक धागा जुळतो. चांदोलीसाठी गावं उठली. इथे उद्यानाला लागून असलेली गावं राहिली, पण 1999 मध्ये उद्यानाची अंतिम अधिसूचना निघाली आणि त्यांचे आतले हक्क संपले. उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर मेंढ्या न्यायच्या, गुच्छी आणि औषधी मुळ्या गोळा करून विकायच्या, यावर इथली कितीतरी घरं चालायची. काहींना भरपाई मिळाली, पण दरवर्षीची कमाई गेली. मग त्यातलेच काही जण गाइड झाले, पोर्टर झाले, ट्रेकचे आचारी झाले. काहींनी घरातली एखादी खोली पाहुण्यांसाठी काढली.

म्हणून मुक्काम कुठे करायचा हा फक्त बजेटचा प्रश्न नाही. ज्या जंगलासाठी त्या घरानं काहीतरी सोडलंय, ते बघायला तुम्ही जाताय. तुमचे पैसे त्या घरात जाणार की दिल्लीतल्या एखाद्या कंपनीच्या खात्यात, हे तुम्ही बुकिंग करता तेव्हाच ठरतं.

आधी पाय, मग पाठ

म्हणजे आधी पायांनी काय करायचं ते ठरवा, मग पाठ कुठे टेकायची ते.

रोज थोडं चालायचं, नदीचा आवाज ऐकत पडायचं, गावात रमायचं असं मनात असेल, तर गुशैणीच्या आसपासचा होमस्टे बेस्ट. इथून उद्यानाच्या दारापर्यंतची वाट साधारण आठ-नऊ किलोमीटरची आहे. जाऊन-येऊन अख्खा दिवस लागतो. दारापर्यंतचा पट्टा हा उद्यानाबाहेरचा इकोझोन आहे, त्यात गावं आहेत, शेतं आहेत, माणसं आहेत. दाराच्या आत जायचं तर वनखात्याचा परवाना हवा. तो आदल्या दिवशीच काढा, ओळखपत्राच्या झेरॉक्स जवळ ठेवा आणि विद्यार्थ्यांना सवलत आहे का, ते बिनधास्त विचारा.

घाट, तळं, जुनी बांधणी असं सगळं हवं असेल, तर बंजार किंवा जिभी बरं पडतं. तिथून वर जलोडी खिंड, उंची 3,120 मीटर. खिंडीपासून ओकच्या जंगलातून साधारण पाच किलोमीटर चाललं की सेरोलसर तळं. बंजारजवळच चैहणी कोठी आहे, दगड आणि लाकडाचे थर एकाआड एक रचून उभा केलेला उंच मनोरा. ही सगळी ठिकाणं उद्यानाबाहेरची आहेत, त्यामुळे इथे राहून 'नॅशनल पार्क केलं' असं म्हणता यायचं नाही. पण ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी उत्तम.

खरंच आत जायचं असेल, तर तंबू, परवाना आणि स्थानिक गाइड घेऊन किमान तीन-चार दिवस काढा. आत हॉटेल नाही, दुकान नाही आणि रेंजची अपेक्षा ठेवू नका. तीर्थनच्या उगमापर्यंतचा ट्रेक तर आठवडाभराचा. पहिल्यांदाच हिमालयात येत असाल, तर तो पुढच्या वेळेसाठी राखून ठेवा.

एकाच सहलीत तिन्ही कोंबू नका. पाच दिवसांत तीन ठिकाणी मुक्काम म्हणजे निम्मी सहल सॅक भरण्यात आणि बसची वाट बघण्यात गेली म्हणून समजा. एकच घर पकडा आणि तिथून रोज वेगळ्या दिशेला जा. शिवाय एक दिवस पूर्ण रिकामा सोडा. पाऊस आला, दरड कोसळली, कुणाचं पोट बिघडलं, तर तोच दिवस कामी येतो. काहीच झालं नाही, तर उन्हात बसून सिड्डू खा, वर तूप मागून घ्या.

नदीकाठचा तंबू

आता त्या रीलमधल्या तंबूंविषयी. फोटो सुंदर येतात, मान्य. पण तीर्थन पुढे जाऊन जिथे बियासला मिळते, त्या लारजी धरणाच्या खालच्या अंगाला 8 जून 2014 रोजी काय घडलं, ते माहीत असू द्या. हैदराबादहून सहलीला आलेली इंजिनीअरिंगची मुलं नदीपात्रात उतरून खडकांवर फोटो काढत होती. वरून धरणाचं पाणी सोडलं गेलं. 24 विद्यार्थी वाहून गेले. ती तुमच्याच वयाची होती आणि त्यांना इशारा वेळेवर मिळाला नाही. पुढे जुलै 2023 मध्ये याच कुल्लू-मनाली पट्ट्यात बियासनं काठावरचे रस्ते आणि इमारती नेल्या.

तीर्थनवर असं धरण नाही, पण ढगफुटीला धरण लागत नाही. डोंगरातली नदी वर कुठेतरी पाऊस पडला की फुगते, आणि तुमच्या डोक्यावर तेव्हा ऊन असतं. म्हणून खोली नदीच्या आवाजाजवळ घ्या, पाण्याजवळ नको. पाण्यात उतरायचं ते घरच्या माणसानं दाखवलेल्या जागी. तो नको म्हणाला, तर वाद घालायचा नाही.

फोनवर हे विचारा

बुकिंगच्या आधी एक फोन कराच, नुसत्या स्टार रेटिंगवर जाऊ नका. मालक स्वतः त्याच घरात राहतो का? दर माणशी आहे की खोलीचा, आणि त्यात जेवण-नाश्ता धरलाय का? रस्त्यापासून घर किती चढावर आहे? ('बस दस मिनट' म्हणजे त्यांची दहा मिनिटं. तुमची पंचवीस.) नदीपासून घर किती उंचावर आहे? गावातला गाइड मिळेल का? आणि कचऱ्याचं काय करतात? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, तर तुमची वेफर्सची पाकिटं तुम्हीच परत आणायची आहेत असं समजा. तशी ती कुठूनही परत आणायचीच आहेत.

फोनवरचा आवाज एखाद्या ताईचा असेल, तर 'भाभीजी' म्हणा आणि घासाघीस जरा आवरती घ्या. सहा जणांत माणशी पन्नास रुपये वाचवून तुमचं एका कॉफीचंही भागत नाही. त्यांच्याकडे मात्र वर्षाचे मोजकेच महिने पाहुणे असतात.

पोचलात की संध्याकाळी चुलीपाशी बसायला जागा मिळते का ते बघा. बहुतेक मिळते. घरातले आजोबा असतील, तर मेंढ्या वर कुठवर न्यायचे ते विचारा. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेवर चालाल, तेव्हा ते रिकामं कुरण तुम्हाला नुसतं 'व्ह्यू' वाटणार नाही.

तर ग्रुपवर आज एवढंच टाका. 'पॅकेज थांबवा. आधी सांगा, रोज किती चालू शकता?' उत्तरं आली की सहाचे चार होतील. होऊ देत. एका घरात चार जण छान मावतात.