बंदोबस्तातला डिटेक्टिव्ह

बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजयाला गणपतीच्या मिरवणुकीत दोर धरून उभं राहावं लागलं नाही. खऱ्याखुऱ्या पोलीस ठाण्यातल्या तपास अधिकाऱ्याच्या नशिबी ते सुख नाही. घरफोडीच्या तपासाला निघावं तर मंत्र्यांचा दौरा येतो. साक्षीदाराला बोलवावं तर मोर्चाचा बंदोबस्त लागतो. कागद टेबलावर पडून राहतात. साक्षीदाराची आठवण मात्र तशी थांबून राहत नाही, ती दिवसागणिक पुसट होते.

तपास ही सरावाची विद्या आहे. मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी चार्ल्स शोभराजला १९७१ मध्ये मुंबईत पकडलं होतं. पुढे मार्च १९८६ मध्ये शोभराज तिहार तुरुंगातून पळाला, तेव्हा एप्रिलमध्ये गोव्यात पर्वरीच्या हॉटेलात त्याला पुन्हा पकडलं तेही झेंड्यांनीच. पंधरा वर्षांपूर्वी पाहिलेला चेहरा अशा वेळी कामी येतो. बँकेच्या नोकरीत मी असे कॅशिअर पाहिले, की चळत मोजता मोजता खोटी नोट त्यांच्या बोटांना कळायची. कारण ती बोटं रोज नोटा मोजत होती. त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवून ठेवलं असतं, तर ते कसब राहिलं असतं का?

अधिकाऱ्याची खरी घुसमट इथे आहे. काम जास्त असल्याची त्याची तक्रार नसते. जे काम येतं तेच करायला मिळत नाही, हे त्याचं दुखणं असतं. त्यात कायद्याची घटका वाजतच असते. आरोपी कोठडीत असेल तर ६० दिवसांत, गंभीर गुन्ह्यात ९० दिवसांत आरोपपत्र जावं लागतं. नाही गेलं, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. बंदोबस्तात गेलेले दिवस त्यातून कुणी वजा करत नाही.

यावरचा उपाय नवा नाही. प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी सांगितलं, की तपास करणारे पोलीस आणि कायदा-सुव्यवस्था सांभाळणारे पोलीस वेगळे करा. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून सुरुवात करा. देशभर ते अजून पुरतं झालेलं नाही. उलट जबाबदारी वाढली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. तज्ज्ञ पुरावा गोळा करतील. पण त्याचे धागे जुळवायला कुणीतरी निवांत बसायला हवं ना?

चोरीला गेलेल्या मंगळसूत्राची चौकशी करायला चौथ्यांदा ठाण्यात गेलेल्या बाईंना वाटतं, साहेबांना काही पडलेलीच नाही. साहेब कदाचित त्या वेळी चौकात उभे असतात, आणि त्यांच्या डोक्यात त्याच घराच्या कडीकोयंड्याचा विचार चाललेला असतो.