सत्तावीस गावे, आत-बाहेर

कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या नव्या प्रभागरचनेचे नकाशे लागले आणि सत्तावीस गावांचे दुखणे पुन्हा वर आले. आम्ही आंबिवलीकर १९८३ मध्ये महापालिका झाल्यापासून हद्दीच्या आतच आहोत. १९९२ मध्ये अंबरनाथ-बदलापूर बाहेर पडले, त्यांना आपापल्या नगरपालिका मिळाल्या. तो विषय तिथेच मिटला. सत्तावीस गावांचा मिटला नाही.

महापालिकेत घेतलेल्या या गावांची तक्रार खरी होती. कर शहराचा, रस्ते-पाणी मात्र खेड्याचे. संघर्ष समिती उभी राहिली आणि २००२ च्या जुलैत सरकारने गावे वगळली. माझी आत्या त्यांतल्याच निळज्यात दिलेली. त्या वर्षी तिच्या घरी सगळे खूश होते.

पुढची तेरा वर्षे मी जवळून पाहिली. ग्रामपंचायतींकडे पैसा नाही, माणसे नाहीत, आणि जमिनीला भाव मात्र शहराचा! भाताच्या शेतांवर चार-पाच मजली इमारती चढल्या, कित्येक विनापरवाना. पुढे नियोजन एमएमआरडीएकडे, पाणी एमआयडीसीकडे, दाखले ग्रामपंचायतीकडे. साध्या नळासाठी आत्याच्या मुलांनी किती उंबरे झिजवले! इकडे आमच्या शेजारी मोहिलीत उल्हास नदीचे पाणी शुद्ध होऊन शहराकडे जात होते. गावे बाहेर काढल्याचे श्रेय घेणारे पुष्कळ होते; बाहेर तग धरायला लागते ती यंत्रणा कोणी उभी केली नाही. त्याबद्दल मी त्यांना माफ केलेले नाही. फ्लॅट विकणारे पैसे घेऊन गेले, घेणारे तिथेच अडकले.

सगळ्याच रेषा अशा नसतात. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यावरही वाद झाले, पण जव्हार-मोखाड्याहून ठाणे गाठायचे म्हणजे दिवस मोडायचा. त्या रेषेला लोकांच्या गरजेचा आधार होता. इथे १ जून २०१५ ला गावे परत आत आली, २०२० मध्ये त्यांतली अठरा बाहेर काढायचे ठरले, आणि डिसेंबरात उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

आता आत्याच्या नातवाचे घर महापालिकेच्या दप्तरी अनधिकृत आहे. कराचे बिल मात्र न चुकता येते. उद्या कोणाला ही हद्द पुन्हा हलवायची असेल, तर त्याने आधी पाण्याची वाहिनी टाकावी, आणि मधल्या तेरा वर्षांतल्या घरांचे काय करणार ते लेखी द्यावे.