गुरगुरते, पण फिरत नाही!

बालमित्रांनो, घरचे वॉशिंग मशीन एखाद्या दिवशी हट्टाला पेटते. बटण फिरवले की आतून 'घुंऽऽऽ' असा आवाज येतो, पण तळाची चकती जागची हलत नाही. "गेली मोटर!" म्हणून मोठी माणसे कपाळाला हात लावतात. पण थांबा! 'घुंऽऽऽ' म्हणजे मोटरपर्यंत वीज पोहोचते आहे. मग अडले कुठे?

आजीचे जाते आठवा. खुंटा नुसता सरळ मागे-पुढे ढकलला तर जाते फिरेल का? नाही. हाताला वळण द्यावे लागते. घरच्या सिंगल-फेज विजेचेही तसेच. ती मोटरला नुसते मागे-पुढे ढकलते. फिरण्यासाठी लागणारे वळण देतो तो कपॅसिटर नावाचा छोटा डबा. तो बिघडला की मोटर नुसतीच गुरगुरते.

आपल्या जालन्यात मोसंबीच्या बागेतल्या थ्री-फेज पंपाला मात्र हे वळण तीन फेज मिळूनच देतात. म्हणूनच एक फेज गेला की तो पंपही 'घुंऽऽऽ' करत बसतो, आणि वेळीच बंद केला नाही तर जळतो. शेतकऱ्यांच्या मुलांना हे वेगळे सांगायला नको!

तेव्हा पहिला नियम : मशीन गुरगुरले की ताबडतोब बटण बंद. अडलेली मोटर भराभर तापते. मग मोठ्या माणसांनी कोरड्या हातांनी प्लगच काढून ठेवावा. आता तपास सुरू.

१. पाणी आणि कपडे काढून चकती हाताने फिरवून पाहा. अडकते? मग खाली नाणे, पिन किंवा मोजा दडलेला असेल.

२. कपडे कोंबले होते का? २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा फार होरपळला. पाणी वाचवायची सवय चांगलीच. पण थोड्या पाण्यात ढीगभर कपडे टाकले तर मोटरचा दम निघतो. त्यापेक्षा खळबळून उरलेले पाणी पुढच्या धुण्याला वापरा.

३. घरातले दिवे मंद आहेत का? २३० ऐवजी १६० व्होल्ट मिळाले तर मोटरचा सुरुवातीचा जोर जवळजवळ निम्मा होतो. दाब नीट होईपर्यंत थांबा.

४. मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण चकती स्तब्ध? मग पट्टा निसटला किंवा तुटला असेल.

५. मोटर मध्येच गप्प झाली? बऱ्याच मोटरी जास्त तापल्या की आपोआप बंद पडतात. तासभर निवू द्या. जळका वास आला तर मात्र पुन्हा सुरूच करू नका.

यातले काहीच नसेल, तर संशय कपॅसिटरवर. पण इथे आपला तपास संपला! प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते आणि जबर झटका बसू शकतो. मागचे झाकण मुलांनी उघडायचे नाही. आईबाबांनो, तुम्हीही नको. ते काम मेकॅनिकचे. तो आधी साठलेली वीज उतरवतो, मग तेवढ्याच मायक्रोफॅरडचा नवा कपॅसिटर बसवतो. नव्या मोटरपुढे त्याची किंमत अगदीच किरकोळ असते.

म्हणून, "मोटर बदलावी लागेल," असे कोणी म्हटले, तर तुम्ही धीटपणे विचारा, "काका, कपॅसिटर तपासला का?"