भागाकाराने ठरणारे ज्ञान

विद्यापीठाच्या ग्रंथालयाने एखादे संशोधन-जर्नल घ्यायचे की बंद करायचे, हे अनेक ठिकाणी एका भागाकारावर ठरते. वर्षाची वर्गणी भागिले वर्षात उघडले गेलेले लेख. एक लेख महागात पडला की त्या जर्नलचे नाव कटले! कागदावर हा न्याय दिसतो. आम्ही वकील आहोत, कागदावरचा न्याय आम्ही रोज पाहतो.

रसायनशास्त्रात शंभर संशोधक असतील तर त्यांचे जर्नल शंभर हातांनी उघडले जाईल. पाली विभागात दोन प्राध्यापक आणि चार विद्यार्थी असले तर त्यांनी काय करावे? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथपालांनी ही अडचण ओळखली. त्यांनी वापराबरोबर जर्नलचा दर्जा आणि त्यातील लेखांचे दिले जाणारे दाखले यांनाही गुण दिले. शिवाय सामाजिक शास्त्रांची तुलना वैद्यकाशी न करता आपसातच केली.

याच विद्यापीठाने २०१९ मध्ये एल्सेव्हिअर या बड्या प्रकाशकाला नकार दिला. वर्षाला सुमारे १ कोटी १० लाख डॉलर मोजूनही अटी मान्य होण्यासारख्या नव्हत्या. प्राध्यापक ग्रंथपालांच्या पाठीशी उभे राहिले आणि २०२१ मध्ये नवा करार झाला. त्याआधी २०१२ मध्ये श्रीमंत हार्वर्डनेही हा खर्च परवडत नसल्याचे जाहीर केले होते. तिथे काही जर्नलांची वर्गणी वर्षाला ४० हजार डॉलरपर्यंत गेली होती. लेख लिहिणारे प्राध्यापक, बहुधा फुकट तपासणारेही प्राध्यापक, आणि तोच लेख विद्यापीठाने विकत घ्यायचा. याला व्यवहार म्हणायचे की लूट?

आपल्याकडे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजना मंजूर केली. ३ वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल. २०२५ पासून आडगावच्या सरकारी महाविद्यालयालाही ती खुली झाली, याचे आम्ही स्वागतच करतो. पण पहिला टप्पा केंद्र व राज्यांच्या सरकारी संस्थांपुरता ठेवला आहे. खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांत कर्ज काढून शिकणारी आमची मुले बाहेरच!

या योजनेतही वापराचा आढावा वेळोवेळी घेतला जाणार आहे. म्हणजे भागाकार आलाच. म्हणून आमच्या प्राध्यापक बंधू-भगिनींना सांगणे आहे: मित्राकडून लेख मागवून वाचलात तर तुमच्या संस्थेच्या नावावर त्याची नोंद होत नाही. आपल्याच खात्यातून उघडा, विद्यार्थ्यांनाही उघडायला लावा. आणि आढावा विषयवार व्हावा, असे ग्रंथालय समितीला लेखी कळवा. पोचपावती घ्यायला विसरू नका.