लावलेल्या सागाचे घर

वृक्ष तोडणे म्हणजे वनाचा नाश करणे, अशी समजूत आज सर्वत्र रूढ आहे. तिच्यात तथ्य आहे; परंतु ते अर्धेच. उरलेले अर्धे पाहावयाचे असेल, तर केरळातील निलंबूर येथे जावे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जहाजबांधणीसाठी मलबारच्या वनांतील साग बेसुमार तोडला गेला. सागाची जहाजे किती टिकत, याची साक्ष 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका देते. वाडिया घराण्यातील कारागिरांनी ती मुंबईच्या गोदीत १८१७ मध्ये मलबारी सागातून बांधली. आज ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे. परंतु अशा मागणीपुढे वने किती दिवस पुरणार? म्हणून मलबारचे जिल्हाधिकारी कनोली यांनी १८४० च्या दशकात निलंबूरला सागाची लागवड आरंभिली. प्रथम बी रुजेना. अखेर चातू मेनन या स्थानिक अधिकाऱ्याच्या चिकाटीने रोपे उभी राहिली. त्या लागवडीचा एक तुकडा चालियार नदीच्या तीरी अद्याप जतन केलेला असून, जगातील सर्वांत जुन्या सागलागवडींत त्याची गणना होते.

या प्रयोगातून एक साधे तत्त्व सिद्ध झाले: तोडीइतकीच लागवड चालू राहिली, तर लाकूड हे पिकासारखे पुनःपुन्हा घेता येते. साग पक्व होण्यास सुमारे पन्नास-साठ वर्षे लागतात. मधल्या काळात विरळणी करून निघालेले वासेही उपयोगी पडतात. मात्र आजोबांनी लावावे आणि नातवाने तोडावे, इतका धीर या शेतीला हवा.

वाढत्या वृक्षाने हवेतून घेतलेला कार्बन लाकडात साठून राहतो. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बनच असतो. दार, तुळई वा कपाट जितकी वर्षे टिकेल, तितकी वर्षे तो तेथेच राहतो. याउलट, सिमेंटसाठी चुनखडी भाजताना कर्बवायू हवेत सुटतो.

वने वाचविण्याच्या हेतूने केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये आपल्या इमारतींत लाकडाचा वापर बंद केला होता. २०२० मध्ये ही बंदी उठविण्यात आली. हेतू चांगला होता. परंतु ज्या मालाला गिऱ्हाईक नाही, त्याची झाडे शेतकरी बांधावर कशाला लावील?

अर्थात, नैसर्गिक वनातून चोरून आणलेल्या सागाला यांपैकी कोणताच गुण लागू पडत नाही. म्हणून गृहस्थाने लाकूड घेताना ते कोठून आले, हे विचारावे व वाहतुकीचा परवाना पाहावा. वाळवीला दाद न देणारा असतो तो सागाचा गाभा; बाहेरचा फिकट भाग तसा नसतो. लाकूड नीट सुकलेले असावे, नाहीतर दारे पिळवटतात. सांधे खिळ्यांऐवजी कुसू-खाचेचे असावेत. म्हणजे पुढे दुरुस्ती सुलभ होते. जुन्या वाड्याची तुळई मिळाली, तर ती सर्वांत उत्तम. तिच्यासाठी नवे झाड तोडावे लागत नाही.

शक्य असेल त्याने दाराला लागलेल्या सागाच्या बदल्यात बांधावर एखादे रोप लावावे. त्याची सावली आपल्याला लाभेल, लाकूड नातवंडांना.