मुंगीचे पाय कोठे असतात?

चित्रकलेचा तास वेगळा आणि विज्ञानाचा वेगळा, असे तुम्ही मानता ना? मग हा प्रयोग वर्गातच करून पाहा.

नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ या तालुक्यांत वारली लोकांची वस्ती आहे. त्यांच्या चित्रांना साहित्य ते किती लागते! गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूच्या काडीचा कुंचला. गेरूचा तांबडा रंग त्यातील लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो.

जुन्या पुठ्ठ्याला गेरू लावून वाळू द्या. तांदळाचे पीठ पाण्यात कालवा. त्यात थोडा डिंक घाला, म्हणजे रंग पुठ्ठ्याला धरून राहील. काडीचे टोक ठेचले, की कुंचला तयार!

आता आठवणीने एक मुंगी काढा. मग सावलीत जाऊन खरी मुंगी भिंगातून न्याहाळा. डोके, छाती आणि पोट असे तिच्या शरीराचे तीन भाग दिसतील. पाय सहा, आणि ते सगळे छातीलाच जोडलेले! तुमच्या चित्रात ते पोटाला चिकटले होते का? वाईट वाटून घेऊ नका. शेजारी दुसरी मुंगी काढा.

पहिली मात्र पुसू नका. रोज दिसणारी वस्तू आपण किती कमी पाहतो, हे तीच तुम्हांला सांगेल.